लंडन ते पॅरिस, व्हाया वर्गणी

सायकलवरून पॅरिसला जाणार म्हटलं की समोरचा माणूस आधी खूश होतो. ‘एका संस्थेच्या मदतीसाठी आहे, काही द्याल का?’ असं पुढे जोडलं की त्याच चेहऱ्यावर बारीकशी आठी उमटते. माझ्या डोंबिवलीच्या आत्याने ती आठी फोनवर शब्दांत सांगितली, “भटकायला तू जाणार, फोटो तुझे येणार, मग वर्गणी आम्ही कशाची द्यायची गं?”

प्रश्न बिनतोड होता. पुढचे काही महिने सायकलीपेक्षा त्यानेच मला जास्त दमवलं.

ब्रिटनमध्ये हा प्रकार इतका रुळलेला आहे की इथे कुणी असं तोंडावर विचारत नाही. कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी डोक्याचा चकोट करून घेतं, कुणी महिनाभर दारू सोडतं, आणि ऑफिसातले लोक मुकाट्याने दहा-वीस पौंड ऑनलाइन भरून मोकळे होतात. गणपतीची पावती फाडण्यासारखंच हे, फक्त इथे पावती फाडणाऱ्याला स्वतःच्या अंगाला काहीतरी तोशीस लावून घ्यावी लागते. लंडन ते पॅरिस सायकलने जाणं हा त्यातला जुना आणि गर्दीचा प्रकार. वाटा मुख्यतः दोन. एक न्यूहेवनहून बोटीने फ्रान्समधल्या दिएपला आणि पुढे ‘अव्हेन्यू व्हर्त’ या मार्गाने. त्यातला दिएपजवळचा मोठा पट्टा जुना रेल्वेमार्ग उखडून केलेला आहे, तिथे मोटारी नाहीत आणि चढही नावापुरते. दुसरी वाट डोव्हर-कॅलेची. ती लांब आणि जास्त चढउतारांची, चार दिवसांत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही गेलो ती ही. व्यवस्था टूर कंपनीची असते, आणि एकाच जथ्यात वेगवेगळ्या संस्थांसाठी पैसे जमवणारे लोक असतात. आमच्यात कुणी कर्करोग संशोधनासाठी आलेलं, कुणी लाइफबोटवाल्यांसाठी, कुणी आपल्या मुलाच्या शाळेसाठी.

मी गेले आमच्या भागातल्या हॉस्पिससाठी. बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाचे शेवटचे महिने कमी वेदनेचे जावेत म्हणून चालणारी ही सेवा. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात दक्षिण लंडनमध्येच झाली. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं, ते इथून फार लांब नाही. रुग्णाला एक पैसा पडत नाही. खर्चाचा काही वाटा सरकार उचलतं, बाकी देणग्या, मृत्युपत्रातून ठेवलेल्या रकमा आणि जुन्या कपड्यांची दुकानं यांवर गाडा चालतो. शेजारच्या आजी गेल्या तेव्हा शेवटचे काही आठवडे त्यांच्याकडे रात्रीची नर्स यायची. त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असायची, त्यामुळे पहाटे दार उघडून देताना तिची आणि माझी ओळख झाली. एवढंच कारण. आत्याला हेही सांगितलं, तर ती म्हणाली, “मग थेट त्यांना पैसे पाठव की. सायकल मध्ये कशाला?”

नाव नोंदवताना दोन पर्याय असतात. पहिल्यात थोडी नोंदणी फी भरायची आणि ठरलेली किमान रक्कम जमवायची. माझ्यासाठी ती १,८०० पौंड होती. हॉटेलं, बोट, जेवणं, गाइड आणि व्हॅन यांचं बिल संस्था त्यातूनच भागवते. म्हणजे लोकांनी दिलेल्या पैशांतला एक वाटा खरोखरच तुमच्या ऑम्लेटवर जातो. दुसऱ्या पर्यायात टूरचा सगळा खर्च आपल्या खिशातून भरायचा, मग जमेल तो पैसा पूर्ण संस्थेचा. पहिल्यात लबाडी काही नाही. संस्थेच्या बाईंनी मला नीट समजावलं की खर्च वजा जाऊनही त्यांच्या हाती बरंच उरतं, आणि ज्यांना पदरचे आठ-नऊशे पौंड टाकता येत नाहीत अशा माणसांनाही त्यामुळे येता येतं. एरवी ही सगळी खात्यापित्या घरच्यांची हौसच झाली असती. तरीही मी दुसरा पर्याय घेतला, कारण माझी मागण्याची यादी आपल्या लोकांची होती आणि त्या यादीत आत्या एकटी नव्हती.

दुसरं कारण कराचं. देणगीदार इथे आयकर भरत असेल आणि त्याने फॉर्ममधल्या एका चौकोनावर टिक केली, तर सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला आणखी देतं. याला गिफ्ट एड म्हणतात. पण सायकलवाल्याचा प्रवासखर्च संस्था उचलत असेल, तर त्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या देणगीवर हे सहसा मिळत नाही. जवळचे म्हणजे नवरा-बायको, आईवडील, आजी-आजोबा, भावंडं, मुलं-नातवंडं आणि त्यांचे जोडीदार. माझा भाऊ लेस्टरला असतो आणि तो चांगली रक्कम देणार होता, तेव्हा हा फरक कामाचा होता. गंमत म्हणजे आत्या, मामा, काका, मावशी त्या यादीत नाहीतच. हे मी डोंबिवलीला कळवलं नाही. इंग्रजांच्या लेखी तू माझी जवळची नाहीस म्हटल्यावर तिने फोनच ठेवला असता.

मागण्याची लाज मोडायला वेळ लागला. पहिला ईमेल चार ओळींचा आणि तो लिहायला अख्खी संध्याकाळ. एक गोष्ट मात्र लवकर ध्यानात आली : ‘जमेल ते द्या’ म्हटलं की लोक पुढे ढकलतात, आणि ‘एक किलोमीटर विकत घ्या, पाच पौंड’ म्हटलं की लगेच देतात. कुणी वाढदिवसाच्या तारखेइतके किलोमीटर घेतले. एका सहकाऱ्याने फक्त उतार मागितले. मग ऑफिसात वडापाव विकले. कँटीनवाल्यांनी आधी ॲलर्जीच्या पदार्थांची यादी मागितली. इथे असे १४ पदार्थ जाहीर करावे लागतात, आणि त्यात शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, गहू आहे, आणि आपली फोडणीतली मोहरीसुद्धा आहे. लसणीच्या चटणीसकट एका वड्यापुढे मी इतक्या खुणा केल्या की तो खाद्यपदार्थ कमी आणि धोक्याची पाटी जास्त वाटायला लागला. तरी अकराच्या आत संपले. कंपनीने तेवढीच रक्कम स्वतःची घातली. अनेक कंपन्यांत ही सोय असते, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

माझा पासपोर्ट अजून भारतीय, त्यामुळे शेंगेन व्हिसा आला. बाकीच्यांना तेव्हा फक्त शिक्का होता. मला बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसचं पत्र, रोजच्या हॉटेलचं बुकिंग आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागला. विमा घेताना सायकलिंग त्यात धरलेलं आहे का ते बारीक अक्षरांत बघून घ्यावं, बऱ्याचदा नसतं. खिडकीतल्या मुलीने परतीचं तिकीट पाहिलं आणि जायचं मागितलं. सायकलने जाणार म्हटल्यावर तिने माझ्याकडे, मग माझ्या वयाच्या रकान्याकडे पाहिलं. पन्नाशी जवळ आली आहे, नाकारत नाही.

सराव साधारण चार महिने. रिचमंड पार्कची फेरी अकरा किलोमीटरच्या आतबाहेर, ती आधी एक, मग दोन, मग तीन. चढासाठी सरे परगण्यातली बॉक्स हिल. २०१२ च्या ऑलिम्पिकची शर्यत जिथे फिरून फिरून वर गेली होती तोच वळणाचा रस्ता. दिसतो त्यापेक्षा सोपा आहे, नावाला घाबरू नये. पण एकट्या लांब राइडपेक्षा कामी आल्या त्या शनिवार-रविवार लागोपाठच्या राइड. पहिल्या दिवशी शंभर किलोमीटर कुणीही रेटून नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर परत बसायचं असतं, खरी परीक्षा तिथे.

सीटचा विषय निघालाच आहे तर बायकांसाठी स्पष्ट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पॅड लावलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नसतं. शिवण घासते आणि तिसऱ्या दिवशी बसता येत नाही. शिवाय कातडीला मलम लावायचं, सढळ हाताने. शॉर्ट्सचे दोन जोड न्यायचे, रोज रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये धुवायचे, मग टॉवेलवर पसरून टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर दोन्ही पायांनी उभं राहायचं. पाणी टॉवेलमध्ये उतरतं, सकाळपर्यंत शॉर्ट्स सुकतात. ही युक्ती माझ्या खोलीतल्या वेल्श बाईंची. त्या निवृत्त दाई होत्या आणि शरीराबद्दल कसलाही आडपडदा ठेवत नसत. फ्रान्सच्या आडरस्त्यांवर स्वच्छतागृहं मिळत नाहीत, त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं : मक्याचं शेत, आणि पाळीपाळीने राखण.

निघालो ब्लॅकहीथच्या मैदानावरून, सकाळी सहाच्या सुमारास. साठेक जण. चार गाइड, एक मेकॅनिकची व्हॅन, एक सामानाची गाडी. प्रत्येकाला मनगटावर पट्टी आणि सायकलवर नंबर. गाइडबाईंनी नियम सांगितले ते सगळे जगण्यामरण्याचे : दोनपेक्षा जास्त जणांनी बाजूबाजूने चालवायचं नाही, अचानक ब्रेक मारायचा नाही, खड्डा दिसला की बोटाने दाखवून ओरडायचं, मागून गाडी आली की शेवटच्याने ‘कार बॅक’ म्हणायचं आणि ते एकेकाने पुढे पोचवायचं. खांबांना नारिंगी बाण बांधलेले असतात, ते बघत जायचं. सगळ्यात मागे स्वीपर. तो कुणालाही ओलांडून जात नाही. तुम्ही शेवटचे असाल तर तो तुमच्या मागे, मग कितीही हळू चाला. व्हॅनमध्ये बसायलाही बंदी नाही. दमलात की सायकल वर, तुम्ही आत.

केंट परगणा नकाशावर सपाट वाटतो. नॉर्थ डाउन्स नावाच्या खडूच्या टेकड्या त्याच्या मधोमध आडव्या पडल्या आहेत आणि डोव्हर त्यांच्या पलीकडच्या टोकाला आहे. जुलै महिना, हॉपच्या आणि सफरचंदाच्या बागा, अरुंद गल्लीबोळांचे रस्ते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं. सुंदर होतं. दुपारनंतर मी त्यातलं फारसं काही पाहिलं नाही, पुढच्या चाकाकडेच बघत होते. खाण्याचा थांबा तीस-चाळीस किलोमीटरवर यायचा. केळी, ओट्सच्या चिकट वड्या, खारे बटाटे, जेली. भूक लागायच्या आधी खायचं हा तिथला मंत्र, आणि तो अगदी खरा आहे. भूक लागली याचा अर्थ अर्धा तास उशीर झाला. मी खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवली होती. ती पहिल्या दिवशीच वाटण्यात संपली. चिक्कीचं नाव विचारायला लोक दोन दिवस माझ्याशेजारी सायकल आणत होते.

डोव्हरला बंदराकडे उतरणारा रस्ता आला तेव्हा समुद्र एकदम खाली दिसला, ट्रक खेळण्यातले वाटत होते. सायकली मोटारींच्याच रांगेत लागतात. फ्रेंच पोलिस डोव्हरमध्येच पासपोर्ट तपासतात. माझा बघायला त्यांना जास्त वेळ लागला आणि मागे साठ सायकली खोळंबल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट मागून एकाने “पाणी प्यायला बरं झालं” म्हटलं. बोटीत सायकली गाड्यांच्या डेकवर कठड्याला दोरीने बांधतात. दीड तासाचा प्रवास, घड्याळ एक तास पुढे. बहुतेकांनी चिप्स खाल्ले. मी झोपले.

कॅलेहून निघताना गाइडबाईंनी प्रत्येकाच्या हॅंडलवर एक छोटा स्टिकर लावला : उजवीकडे दाखवणारा बाण. ब्रिटनमध्ये डावीकडून चालवतात, भारतातही डावीकडून, म्हणजे माझ्या अंगात जन्मापासून डावी बाजूच भिनलेली. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. गोल चौक आला, किंवा थांब्यानंतर रिकाम्या रस्त्यावर पुन्हा सायकलीवर चढलं, की हात आपोआप चुकीकडे वळतात. त्यात फ्रान्समध्ये जिथे पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा नियम. गावातल्या गल्लीतून ट्रॅक्टर न बघता बाहेर येतो, आणि तो बरोबर असतो.

कॅले ते आबव्हिल हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला दिवस. ग्विनचं रान, मग बुलोन्यच्या टेकड्या, मग पिकार्दीची पठारं. गावं पाठोपाठ, प्रत्येकात चर्च, बंद बेकरी आणि चौकात युद्धस्मारक. स्मारकावर १९१४ ते १९१८ ची नावं. पंचवीस-तीस घरांचं गाव आणि नावं तेवढीच, एकाच आडनावाची तीन-तीन. मधूनच शेतात पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, कॉमनवेल्थच्या सैनिकांच्या थडग्यांच्या. आपल्या पूना हॉर्सचे घोडदळवाले १९१४ पासून या फ्रान्समध्ये लढले, आणि भारतीय सैनिकांचं मोठं स्मारक न्यूव्ह-शापेलला आहे. ते आमच्या वाटेपासून बरंच पूर्वेला पडतं, अरासमार्गे जाणाऱ्यांना जवळ. जथ्यात असताना वाट सोडता येत नाही, ही समूहाने जाण्याची किंमत.

पाण्याची एक गोष्ट इथेच कळली. फ्रान्सच्या खेड्यांत दुपारी सगळं बंद असतं, पण दफनभूमी उघडी असते आणि तिथे फुलांसाठी नळ असतो. पिण्याजोगं नाही अशी पाटी नसेल तर सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. पहिल्यांदा मला कसंसंच झालं. स्वीपर म्हणाला, “ते रागावणार नाहीत.” बाटली भरून घेतली, पाणी गार होतं.

दुपारनंतर वारा सुटला, नैर्ऋत्येकडून, म्हणजे समोरून. पठारावर झाड नाही, आडोसा नाही, फक्त पवनचक्क्या, आणि त्यांची तोंडं नेमकी आम्ही जात होतो त्या दिशेला. अशा वेळी जथ्यात चालवण्याचा अर्थ कळतो. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून राहिलं तर वाऱ्याचा मारा इतका कमी होतो की पाय वेगळेच कुणाचे वाटतात. पण पुढचा सगळा वारा झेलत असतो, म्हणून दर काही मिनिटांनी पुढच्याने बाजूला व्हायचं, मागे यायचं, दुसऱ्याने पुढे जायचं. मला आधी पुढे जायची भीती वाटत होती, सगळ्यांचा वेग माझ्यामुळे पडेल म्हणून. पाचजणांच्या आमच्या ओळीतल्या यॉर्कशरच्या गवंड्याने समजावलं : तू दोन मिनिटं पुढे राहिलीस तरी आम्हाला दोन मिनिटं मिळतात, वेगाचं काय घेऊन बसलीस.

त्याच्या जर्सीच्या पाठीवर प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक फोटो चार सेफ्टीपिनांनी लावलेला होता. मुलगी, शाळेचा गणवेश, दोन दात पडलेले. खाली नाव आणि दोन सालं. वजाबाकी करायची नाही म्हटलं तरी होते. वाऱ्याने फोटोचा वरचा डावा कोपरा सुटला आणि फडफडायला लागला. मी मागून हात लांब करून तो दाबून धरायचा प्रयत्न केला, पण सायकल डगमगली, सोडून दिला. पुढच्या थांब्यावर त्याला सांगितलं. त्याने जर्सी काढली, मी पिन नीट लावून दिली, त्याने थॅंक्स म्हटलं आणि दोन केळी खाल्ली. ती मुलगी कशाने गेली हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याने जमवलेली रक्कम मात्र त्याला पेन्सपर्यंत पाठ होती.

‘थेट पैसे पाठव की’ हे आत्याचं म्हणणं हिशेबाने बरोबरच आहे. नऊशे पौंड मी सरळ हॉस्पिसला दिले असते तर त्यांना नऊशे मिळाले असते. सायकल मध्ये आली म्हणून त्याच्या कितीतरी पट मिळाले, कारण लोक कारणाला कमी आणि ओळखीच्या माणसाच्या हट्टाला जास्त देतात. हे काही फार उदात्त नाही. पण चालतं, आणि हॉस्पिसच्या रात्रपाळीच्या नर्सचा पगार त्यातून निघतो.

तिसऱ्या दिवशी पाऊस. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. कोल्हापूरकडच्या पावसात वाढलेल्या माणसाला भिजण्याचं काही वाटू नये, पण आपण भिजतो ते उबदार पाण्यात. इथे बोटं इतकी गारठतात की गिअर बदलायला तळवा वापरावा लागतो. पंक्चर ओल्या रस्त्यावर जास्त होतात, कारण गारगोटीचे बारीक तुकडे पाण्यासोबत टायरला चिकटतात. दर थांब्यावर टायरवरून हातमोजा फिरवायचा, तुकडा आत रुतायच्या आधी निघतो. पोआ-द-पिकार्दी गावानंतरच्या चढावर मी शेवटची होते. स्वीपर माझ्या मागे. तो सांत्वन करत नव्हता, घाई करत नव्हता, आपल्या घराचं छप्पर कसं दुरुस्त केलं ते सांगत होता, कौलांसकट. चढ संपला तेव्हा मला छपराविषयी बरंच कळलेलं होतं.

त्या दिवशीचा मुक्काम बोव्हेला. संध्याकाळी पाय ओढत कॅथेड्रल पाहून आले, आणि पाहिलं ते बरं केलं. जगातलं सगळ्यात उंच गॉथिक चर्च बांधायचं ठरवून तेराव्या शतकात लोक कामाला लागले. आतली कमान सुमारे ४८ मीटरवर नेली, ती १२८४ साली काही भागात कोसळली. परत बांधली. सोळाव्या शतकात १५३ मीटरचा मनोरा चढवला, तोही १५७३ मध्ये पडला. पुढचा लांब सभामंडप बांधायला पैसेच उरले नाहीत, तो आजतागायत नाही. त्यामुळे आत शिरलं की दहा-बारा पावलांत मान एकदम वर जाते, आणि उंचीला साजेशी लांबी कुठे दिसत नाही. आता आतून लाकडी-लोखंडी टेकू दिलेत. वेल्श बाई म्हणाल्या, देणग्या जमवणाऱ्यांनी आधी हे बघावं.

शेवटच्या दिवशी अंतर कमी पण वेळ जास्त, कारण पॅरिसच्या अलीकडे सगळ्यांना थांबवून एकत्र आणतात. बुआ द बुलोन्य या पॅरिसच्या कडेच्या वनउद्यानात झाडाखाली तास-दीड तास. तिथवर प्रत्येकजण आपापल्या वेगाने आलेला. पहिले आलेले गवतावर झोपा काढत होते, शेवटच्यांना सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग एका ओळीत, गाइड पुढे-मागे-बाजूला, आर्क द त्रिऑम्फ या विजयकमानीकडे. तिथे बारा रस्ते येऊन मिळतात, आणि चौकात शिरणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, आत असलेल्याने थांबायचं. पुण्याच्या स्वारगेटला सायकल चालवलेल्या माणसाला हे सोपं जावं अशी माझी समजूत होती. ती खरी ठरली. माझ्या आसपासचे इंग्रज पांढरेफटक पडलेले आणि मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे. शांझेलिझेवर फरसबंदी, हाडं खिळखिळी. मग कॉंकॉर्द चौक, नदी, आणि आयफेल टॉवर. घोळक्यात रडारड, फोटो, प्लास्टिकच्या पेल्यांतून शॅम्पेन.

त्याहून लक्षात राहिलं ते नंतरचं. सायकली ट्रकने लंडनला जातात, आपण दुसऱ्या दिवशी युरोस्टारने. ट्रकमध्ये जागा वाचावी म्हणून पेडल काढायची आणि हॅंडल वळवायचं. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, नेहमीच्या दिशेने पाना फिरवला तर आणखी घट्ट बसतं. मेकॅनिक रांगेतल्या प्रत्येकाला हे सांगून थकला होता, तरी पुढचा प्रत्येकजण तेच करत होता. आम्ही रांगेत उभे असताना कुत्रा घेऊन आलेले एक फ्रेंच आजोबा थांबले आणि माझ्या जर्सीवरच्या हॉस्पिसच्या नावाकडे बोट दाखवून काहीतरी विचारू लागले. माझं फ्रेंच शून्य, वेल्श बाईंचं शाळेतलं. त्यांनी समजावलं. आजोबांनी पाकिटातून दहा युरोची नोट काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी नको-नको म्हणाले, ते गेलेसुद्धा.

नोट घेऊन काय करायचं हा प्रश्न मात्र उरला. रोख, परकी चलन, देणाऱ्याचं नाव नाही. घरी आल्यावर मी त्या दिवशीच्या विनिमय दराने तेवढे पौंड माझ्या खात्यातून ऑनलाइन भरले. नावाच्या जागी ‘पॅरिसचे आजोबा’ लिहिलं. गिफ्ट एडच्या चौकोनावर टिक केली नाही, कारण ते इथे कर भरत नाहीत. भावाने पान उघडून पाहिलं आणि फोन करून विचारलं, “हे कोण, आपल्याकडचे का?” एव्हाना आत्याचेही पैसे आले होते, भावाच्याच कार्डावरून आणि पाच किलोमीटरचे. कुठले पाच ते तिने सांगितलं होतं : समुद्रातले. बोटीत बसून गेलीस, म्हणजे तिथे तुला त्रास नाही.